खोट नसलेली ताटली

हनुमंतण्णा इडली खाण्याआधी तिची जाडी मोजतात.

हे मी अलंकारानं सांगत नाही. चष्म्याच्या घरात चष्म्याऐवजी ते एक व्हर्नियर बाळगतात. आमच्या चामराजपेटेत कोपऱ्यावर उभ्यानं खायचं हॉटेल आहे, तिथं बशी हातात आली की व्हर्नियर बाहेर येतं, इडली त्याच्या जबड्यात धरली जाते, आकडा वाचला जातो, आणि शेजारी चटणीत बोट बुडवून उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला कळवलं जातं, "कालच्यापेक्षा दोन मिलिमीटर कमी." हॉटेलवाला आताशा त्यांना लांबून पाहिलं की स्वतःच विचारतो, "साइज सरी इदेया, अण्णा?" माप बरोबर आहे ना? त्यावर हनुमंतण्णा कधीही "हो" म्हणत नाहीत. "बघू," म्हणतात. मग चार इडल्या खातात.

एका सरकारी कारखान्यात ते छत्तीस वर्षं तपासनीस होते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू त्यांनी छत्तीस वर्षं नाकारल्या. निवृत्तीच्या दिवशी याबद्दल त्यांना शाल मिळाली. ती त्यांनी उजेडात आडवी धरून पाहिली, एक सुटलेला धागा साहेबांना दाखवला, आणि मगच खांद्यावर घेतली. टाळ्या वाजल्या. त्या कशाबद्दल होत्या, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

"नजर फसवते, माप फसवत नाही," हे त्यांचं सकाळचं वाक्य. संध्याकाळचं वाक्य एकाच शब्दाचं असतं: "रिजेक्ट." हा शब्द त्यांनी भोपळ्याला लावला आहे, गणपतीच्या मूर्तीला लावला आहे, माझ्या घराच्या नव्या दाराला लावला आहे आणि एकदा एका कीर्तनकाराला, भर कीर्तनात, दुसऱ्या रांगेतून. त्यांचं म्हणणं असं, की खोट दिसली आणि माणूस गप्प बसला तर तोही खोटीत भागीदार. हे तत्त्व ऐकायला उदात्त आहे. त्यासोबत एका घरात राहायचं असेल तर गोष्ट वेगळी.

एका घरात राहत होत्या त्या शारदाक्का. त्यांची बायको.

आमची आणि त्यांची घराणी या पेठेत चार पिढ्यांची. मराठी घरात, कन्नड दाराबाहेर, आणि भांडण दोन्हीत. पण शारदाक्कांचा आवाज गल्लीनं दोन्हींपैकी कुठल्याच भाषेत कधी ऐकला नव्हता. त्यांच्या सारातलं मीठ, त्यांनी वाळत घातलेल्या धोतराची घडी, त्यांच्या रांगोळीतली ठिपक्यांची ओळ, सगळं एक्केचाळीस वर्षं तपासणीतून गेलं. त्या ऐकून घेत. "सरी, सरी," म्हणत आणि पुढच्या कामाला लागत.

गेल्या वर्षी नातवाचं बारसं झालं. शारदाक्कांनी पहाटेपासून ओट्याशी उभं राहून पुरणपोळ्या केल्या. पंगत बसली, व्याही बसले, सुनेच्या माहेरची माणसं बसली. हनुमंतण्णांच्या ताटात पहिली पोळी पडली आणि चष्म्याचं घर उघडलं. "कडेला सव्वादोन," त्यांनी व्याह्यांना वाचून दाखवलं, "मधे पावणेदोन." मग जरा थांबून, कारण अशा वेळी थांबायचं असतं हे त्यांना ठाऊक आहे, ते म्हणाले, "रिजेक्ट!"

व्याही खो खो हसले. ते भले गृहस्थ आहेत, त्यांना वाटलं विनोद आहे. सगळी पंगत हसली. मीही हसलो, हे इथं लिहून ठेवायला हवं. शारदाक्का दारात तुपाचं भांडं घेऊन उभ्या होत्या.

पाहुणे गेल्यावर, मी पानं उचलायला थांबलो होतो तेव्हा, त्यांनी विचारलं, "तुम्ही आयुष्यात एक तरी वस्तू स्वतःच्या हातानं केलीय का हो?"

"माझं काम करण्याचं नव्हे, तपासण्याचं."

"मग एक करा. एकच. खोट नसलेली. ती घेऊन या, मग मी घरी येते."

आणि शारदाक्का मुलाबरोबर, प्रकाशबरोबर, इलेक्ट्रॉनिक सिटीला निघून गेल्या. बाहेर सांगायला कारण होतं: नातवाला सांभाळायला. गल्लीनं ते कारण तपासलं आणि, गल्लीच्या भाषेत सांगायचं तर, रिजेक्ट केलं.

पहिला महिना हनुमंतण्णा म्हणत होते, "येईल." दुसऱ्या महिन्यात "यायला हवी" असं म्हणू लागले. पाचव्या महिन्यात एका सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. (मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, म्हणून ते मला "लायब्ररी" म्हणतात. माझं नाव त्यांना आठवत असेल असं मला वाटत नाही.)

"लायब्ररी, ठरलं. माती."

सगळा विचार त्यांनी वहीत मांडला होता. स्वयंपाक बाद, कारण परीक्षक तीच. सुतारकाम बाद, कारण लाकूड गाठीसकटच जन्माला येतं. शिवणकाम बाद, कारण सुईत दोरा ओवायला दुसऱ्याचे डोळे लागतील आणि मग ती वस्तू स्वतःच्या हातची राहणार नाही. उरली माती. "माती उलट बोलत नाही," ते म्हणाले. "आठ गुरुवारचा वर्ग आहे. शेवटी एक वस्तू भट्टीत घालून भाजून देतात. एकच लागते आपल्याला."

"मग करा की."

"तू चल. साक्षीदार लागतो. नाहीतर ती म्हणेल, विकत आणली."

मी का गेलो? खरं कारण हलकं आहे. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचा माल नाकारणारा माणूस स्वतःचा माल कसा करतो, हे मला पुढच्या रांगेतून बघायचं होतं.

वर्ग बेळ्ळंदूरला, तळ्याच्या अंगाला, एका एकवीस मजली इमारतीच्या तळमजल्यावर. चामराजपेटेतून दोन बस आणि एक रिक्षा. एवढ्या वेळात पूर्वी माणूस म्हैसूरला पोचून वृंदावन बाग बघायला निघत असे. दारावर इंग्रजीत लिहिलं होतं: श्वास घ्या, माती काय म्हणते ते ऐका. आत उदबत्ती, पितळी वाडगा, मंद बासरी, आणि एप्रन बांधलेली सात-आठ संगणकातली मुलं-मुली, माती लागली की आनंदानं किंचाळणारी. यांच्या गावात कुंभार असेलच. त्याच्याकडून यांनी दिवाळीची पणतीसुद्धा घासाघीस केल्याशिवाय घेतली नसेल. इथं मात्र चिखलात हात घालायला मिळावा म्हणून प्रतीक्षायादी होती.

शिकवणारी ईशा पुण्याची. पूर्वी तीही संगणकातच होती, मग तिला म्हणे मातीनं बोलावलं. सुरुवातीला सगळ्यांनी डोळे मिटून तीन मिनिटं मातीचे आभार मानायचे होते. वाडगा वाजला, डोळे मिटले, पुन्हा वाडगा वाजला.

"दोन मिनिटं चाळीस," हनुमंतण्णा म्हणाले. ते एका डोळ्यानं घड्याळ बघत होते. "वीस सेकंद कमी."

ईशा हसली. पहिल्या गुरुवारी ती खूप हसत असे.

आम्ही जे शिकायला आलो होतो त्याला स्लिपवेअर म्हणतात. नाव मोठं आहे, गोष्ट साधी आहे. लाल मातीची ताटली करायची. ती अर्धवट सुकली की तिच्यावर पांढऱ्या मातीचा पातळ घोळ ओतायचा. त्यावर रबरी फुग्याला लावलेल्या नळीतून दुसऱ्या रंगाच्या घोळाच्या रेघा सोडायच्या, मेंदीच्या कोनासारख्या. मग भाजायचं, काचेचा मुलामा चढवायचा, परत भाजायचं. जगात शेकडो वर्षं गरीब माणसं या असल्या ताटल्यांत जेवली. आता श्रीमंत माणसं त्या भिंतीवर लावतात.

"आधी स्लॅब," ईशा म्हणाली आणि प्रत्येकाच्या पुढ्यात मातीचा एक गोळा आणि एक लाकडी लाटणं ठेवलं. "रोल करा. मिडलमधून बाहेर. पोळीसारखं."

मी हनुमंतण्णांकडे बघितलं. ते लाटण्याकडे बघत होते.

त्यांनी आयुष्यात लाटणं हातात धरलं नसावं. दोन्ही टोकं मुठीत घट्ट पकडून, शत्रूची मान पकडावी तसं, त्यांनी ते गोळ्यावर दाबलं. माती एका अंगाला पळाली. त्यांनी तिकडून दाबलं, ती इकडे आली. तिचा नकाशा झाला, मग जास्वंदीचं पान झालं, मग मधे एक भोक पडलं. शेवटी कशीबशी एक चकती झाली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. सवयीनं हात खिशाकडे गेला. चष्म्याचं घर उघडलं. व्हर्नियर कडेला लागलं, मग त्यांनी चकती मधून कापून मधली जाडी घेतली.

"किती आलं, अण्णा?" मी विचारलं. असे प्रश्न विचारायलाच मी आलो होतो.

"कडेला अकरा," ते म्हणाले. पुढचा आकडा सांगितला नाही. मी वाकून वाचला. मधे चार होता.

ईशा मागून आली. "काका, मेजर नका करू ना. फील करा."

"फील म्हणजे किती?"

"म्हणजे... हाताला कळतं ते."

"कुणाच्या हाताला?"

"करता करता कळतं, काका. खूप वर्षं केलं की."

हनुमंतण्णांनी व्हर्नियर मिटून ठेवलं. त्या दिवशी परतीच्या दोन्ही बसमध्ये त्यांनी कुणालाही नावं ठेवली नाहीत. कंडक्टरनं सुटे पैसे कमी दिले, तरीही.

दुसऱ्या गुरुवारी ईशानं त्यांना सारख्या जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या दिल्या. माती मधे ठेवायची, लाटणं पट्ट्यांवरून फिरवायचं, जाडी आपोआप सारखी. हनुमंतण्णांचा चेहरा उजळला. "हे आधी का नाही सांगितलं? हे तर आमच्या कारखान्यातलं फिक्श्चर!" त्या दिवशी त्यांनी सहा चकत्या लाटल्या, सहाही सारख्या, साच्यावर बसवल्या, आणि वर्गभर हिंडून दुसऱ्यांच्या ताटल्या मोजल्या. एका मुलीनं आपल्या वाकड्या ताटलीला इंग्रजीत 'प्रवास' असं नाव दिलं होतं. "प्रवासात अपघात झालेला दिसतो," हनुमंतण्णा म्हणाले. मुलीला वाटलं कौतुक. तिनं फोटो काढला.

तिसऱ्या गुरुवारी घोळ. ईशानं पांढऱ्या मातीची पूड आणि पाण्याचं भांडं दिलं आणि सांगितलं, "ताकाइतकं पातळ करा. एकदाच ओता, फिरवा, उरलेलं काढून टाका."

आता ताक म्हणजे काय? ईशा पुण्याची. तिचं ताक पळीला धरून राहतं. हनुमंतण्णा चामराजपेटेचे. आमच्याकडे ताक म्हणजे मज्जिगे: रामनवमीला रस्त्यावर पिंपातून वाटतात ते, आल्याच्या आणि कढीपत्त्याच्या वासाचं जवळजवळ पाणीच. ग्लासातून पलीकडचा माणूस दिसायला हवा. मला हे दोन्ही माहीत होतं. मी बोललो नाही.

हनुमंतण्णांनी मज्जिगे केलं. ओतलं. ताटली लालच राहिली, नुसती ओली झाली. पुन्हा ओतलं. पुन्हा. "रंग धरत नाही," ते म्हणाले, "कोट वाढवू." सहाव्यांदा ओतून त्यांनी पहिली ताटली उचलली तेव्हा ती त्यांच्या हातात मऊ पडली, दुमडली आणि मनगटावरून खाली लोंबली. दुसरीही तशीच. तिसरी साच्यावरच बसली, साच्याला मिठी मारून.

"काका! किती वेळा ओतलंत? मातीनं सगळं पाणी प्यायलं ना!"

"तुम्ही ताक म्हणालात!"

"मग हे काय आहे?"

"ताक!"

ईशाला हसू आवरेना. हनुमंतण्णांना ते दिसलं. "ताक हे माप नव्हे," ते म्हणाले. "हे कुठल्याही ड्रॉइंगवर लिहून दाखवा, मी सही करणार नाही." पुढच्या गुरुवारी ते घरून नरसाळं आणि सेकंद मोजायचं घड्याळ घेऊन आले. ईशानं केलेला घोळ त्यांनी नरसाळ्यातून सोडला, सेकंद लिहून घेतले, आणि आपला घोळ तेवढेच सेकंद लागेपर्यंत घोटला. तो बरोबर जमला. नंतर ईशाही त्या नरसाळ्यातून घोळ सोडून बघू लागली, पण फक्त ते पाठमोरे असताना.

तीन ताटल्या उरल्या होत्या. पाचव्या गुरुवारी रेघा. फुगा हातात घेऊन तो सारखा दाबत, हात न थांबवता रेघ सोडायची. थांबलात की थेंब पडतो, घाई केलीत की रेघ तुटते. हनुमंतण्णांनी कागदावर कंपासानं आखून आणलं होतं: आतून बाहेर पाच वर्तुळं. प्रत्यक्षात त्यांनी फुगा मुठीत घट्ट आवळला. फुगा फुरफुरला, दोन थेंब उडाले, तिसरं वर्तुळ चौथ्यात शिरलं.

"अण्णा, एक विचारू? मेंदी काढावी तसं काढा की. सैल हातानं."

"तू गप्प बस, लायब्ररी. तू साक्षीदार आहेस, सल्लागार नव्हेस."

सहाव्या गुरुवारी सुकवणं. ताटल्या सुकायला ठेवल्या होत्या आणि हनुमंतण्णा दर दहा मिनिटांनी एक ताटली उचलून, वाकवून, डोळ्यांच्या रेषेत धरून ती सपाट आहे का बघत होते. कुठं वर उचलली गेली असेल तर अंगठ्यानं खाली दाबत होते.

"काका, तिला हात नका लावू," ईशा म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती. "ओली असताना जशी वाकवाल ना, ते ती लक्षात ठेवते. वरून सपाट केली तरी. भट्टीत गेली की परत तशीच वाकते."

असली वाक्यं त्या खोलीत भिंतीवर लिहिलेली होती आणि मी त्यांच्यावर पुष्कळ हसलो होतो. हे वाक्य मात्र खरं निघालं. पहिल्या भाजणीतून तीनपैकी एक ताटली दोन तुकड्यांत आली, दुसरी होडीसारखी वाकून. तिसरी तेवढी बरी होती, कारण ती मागच्या फळीवर होती आणि तिच्यापर्यंत हनुमंतण्णांचा हात पोचत नव्हता.

त्या एकुलत्या ताटलीवर काचेचा मुलामा चढवून ती शेवटच्या भाजणीला गेली. आठव्या गुरुवारी भट्टी उघडली. ईशानं ती त्यांच्या हातात दिली. आम्ही दोघं खिडकीपाशी गेलो.

मधाच्या रंगाची झाली होती. तिसरं वर्तुळ चौथ्यात शिरलेलं तसंच होतं. पाचवं एका ठिकाणी तुटलं होतं. कडेला मुलामा सुटून नखाएवढा लाल डाग राहिला होता. टेबलावर ठेवली की एका अंगाला डुले. हनुमंतण्णांनी ती फिरवून फिरवून पाहिली. चष्म्याचं घर खिशातच होतं. त्यांनी ते उघडलं नाही, आणि मला उगाच भीती वाटली.

ईशालाही काहीतरी वाटलं असावं. मी तिला बसच्या गोष्टी सांगता सांगता शारदाक्कांची गोष्टही सांगून टाकली होती. ती आतून स्वतः केलेली एक ताटली घेऊन आली. तशीच पाच वर्तुळं, एकदम गोल, टेबलावर ठेवली तर पाणी हलू नये अशी. "काका, ही घेऊन जा ना," ती म्हणाली. "माझ्याकडे खूप आहेत. काकूंना काय कळणार आहे?"

मी साक्षीदार होतो. मी म्हणालो, "घ्या अण्णा. मी सही करतो."

हे मी गमतीत म्हणालो नव्हतो. आठ गुरुवार झाले होते, दुसरी संधी नव्हती, आणि मला अण्णांच्या स्वयंपाकघराच्या बंद खिडकीचा कंटाळा आला होता.

हनुमंतण्णांनी ईशाची ताटली घेतली. अगदी हळू फिरवली. छत्तीस वर्षांत त्यांना एवढा निर्दोष माल क्वचितच मिळाला असेल. "ही पास आहे," ते म्हणाले आणि ती तिच्या हातात परत दिली. "फार चांगली आहे. पण ही तू केलीस, बाळ." मग स्वतःची ताटली पंच्यात गुंडाळली. पंच्याची चार टोकं दोनदा बांधली.

रविवारी आम्ही इलेक्ट्रॉनिक सिटीला गेलो. बस उड्डाणपुलावरून जात होती तेव्हा दोन्ही बाजूंना लोकांच्या तिसऱ्या मजल्यावरची वाळत घातलेली धुणी दिसत होती. हनुमंतण्णांच्या मांडीवर पंच्याचं गाठोडं होतं. "खोट नसलेली आण म्हणाली होती," ते मधेच म्हणाले. या बाबतीत माझ्याकडे सल्ला नव्हता आणि ते मला सल्लागारही समजत नव्हते.

प्रकाशनं दार उघडलं. सून बाळाला खेळवत होती. शारदाक्का आतून हात पुसत आल्या, सोफ्याच्या टोकाशी टेकल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या हो. बरे आहात?" नवऱ्याला त्यांनी काही विचारलं नाही. हनुमंतण्णांनी पंचा सोडला आणि ताटली त्यांच्यापुढच्या टेबलावर ठेवली. ती डुलली. मग थांबली.

"हे काय?"

"ताटली."

"तुम्ही केली?"

ते माझ्याकडे बघायला लागले. "त्यांनीच केली, अक्का," मी म्हणालो. "मी बघत होतो."

शारदाक्कांनी ताटली उचलून मांडीवर घेतली. "खोट नसलेली आणायची ठरली होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग?"

"नाही झाली."

"कुठं कुठं चुकलीय?"

मी वाट बघत होतो. त्या ताटलीतल्या चुकांची यादी या माणसाला झोपेतही पाठ असणार होती. हनुमंतण्णा हात मागे बांधून उभे होते. "तू बघ," ते म्हणाले. "तू सांग."

आणि शारदाक्कांनी सांगितलं. अख्ख्या गल्लीनं त्यांचं तोंड एवढं चाललेलं कधी ऐकलं नव्हतं. ही रेघ त्या रेघेत घुसलीय. इथं तुटलीय, घाई केलीत ना? कड एका अंगाला जाड आहे. हा डाग बघा, आजारी माणसाच्या पाठीवर असतो तसा. आणि डुलते किती, सार वाढलं तर पायावर येईल! प्रत्येक चुकीवर त्या बोट ठेवत होत्या, आणि प्रत्येक बोटाला हनुमंतण्णा म्हणत होते, "हो." एकदाही "कारण" हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. सून तोंडाला पदर लावून हसत होती. सगळ्या चुका संपल्यावर शारदाक्कांनी ताटली उलटी केली, पालथा हात तिच्यावरून फिरवला आणि विचारलं, "एकच आणलीत?"

"एकच ठरली होती," हनुमंतण्णा म्हणाले. शेवटी तपासनीस तो तपासनीस. "अटीत एकच होती. साक्षीदार आहे, विचार हवं तर."

"आणि मी कशात जेवू?"

हनुमंतण्णा म्हणाले, "अं?"

"घरात माणसं दोन आहेत ना? का स्टीलचं ताट मला, आणि ही तुम्हाला?"

ते काहीतरी हिशेब सांगायला लागले, की वर्ग आठ गुरुवारचा असतो, भट्टी दोनदा लागते, दुसरी करायची तर... आणि मधेच थांबले. त्यांना उमगायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. शारदाक्का तोवर उठून आतल्या खोलीत गेल्या होत्या आणि कपाटाचं दार उघडल्याचा आवाज येत होता. "प्रकाश, माझी मोठी पिशवी कुठं ठेवलीस रे?"

हनुमंतण्णा दाराकडे गेले. मला वाटलं, बाहेर वाऱ्यात उभे राहणार. पण ते जोड्यांच्या फळीशी गुडघा टेकून खाली बसले, धरत धरत. पुढं सगळ्यांचे धावायचे जाडजूड बूट होते. ते एकेक बाजूला करून त्यांनी मागून शारदाक्कांच्या चपला काढल्या. तपकिरी, साध्या, पट्ट्याला टाका घातलेल्या. त्यांच्यावर धूळ बसली होती. सात महिन्यांत ही बाई कितीदा घराबाहेर पडली असेल, ते त्या धुळीवरून मलासुद्धा समजलं. हनुमंतण्णांनी खिशातून रुमाल काढला आणि आधी डावी, मग उजवी चप्पल पुसली. वरून, मग पट्ट्याच्या आतून, मग टाचेला. मग त्या उंबऱ्याशी बाहेर तोंड करून ठेवल्या आणि शेजारी जमिनीवरच भिंतीला पाठ लावून बसले.

"अहो, अजून मला आवरायचंय," आतून शारदाक्का म्हणाल्या. "बाळाचे कपडे घड्या करून द्यायचेत. तासभर लागेल."

"लागू दे," हनुमंतण्णा म्हणाले. "मी बसलोय."